परांचीवरून पडलो, हाडात परांची घालून आलो : कृत्रिम हाडाच्या दाण्यांचा अठरा महिन्यांनंतरचा अभिप्राय

लोक मिक्सरचा अभिप्राय लिहितात, पाण्याच्या पंपाचा लिहितात, हॉटेलातल्या सुरमईचा तर सगळेच लिहितात. मी माझ्या डाव्या गुडघ्याखाली भरलेल्या मालाचा लिहितोय. हा माल परत करता येत नाही, जुना देऊन नवा मिळत नाही, आणि घ्यायची वेळ येते तेव्हा आपण आडवे पडलेले असतो. तेव्हा कुणीतरी आधी वापरून सांगितलेलं बरं.

माल म्हणजे हाडातली पोकळी भरायचे कृत्रिम दाणे. कंपनीचं नाव देत नाही, कारण ह्या जातीचे दाणे बऱ्याच कंपन्या करतात आणि मला अनुभव एकाच बाटलीचा. जात सांगतो : बायफेजिक कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे दोन खनिजांचं मिश्रण. साठ टक्के हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, चाळीस टक्के बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. दहा सीसीची बाटली, दाणा दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे आमच्या भाषेत बारीक ग्रिट. मालाला पाचात चार तारे. ज्यांनी तो माझ्या गळ्यात बांधून बिल लावलं त्यांना एक, आणि तो का ते खाली येईलच.

मी रत्नागिरी तालुक्यातला बांधकामवाला. सव्वीस वर्षं झाली, बहुतेक कामं जांभ्या चिऱ्याची. इंजिनिअर नाही, गवंड्याच्या हाताखाली चिरे उचलत शिकलो. त्यामुळे ह्या अभिप्रायात वैद्यकी कमी आणि बांधकाम जास्त असेल. तक्रार करू नका.

पडलो तो वैशाखात, पावसजवळच्या एका घरावर. मिरगाच्या आधी गिलावा संपवायचा म्हणून सगळ्या कोकणात जी घाई असते तीच. परांची बांबूची, बांधणी काथ्याची, आणि काथ्या मागच्या पावसात भिजून वाळलेला. बिगारी म्हणाला होता, "अण्णा, ही गाठ वायच बघा." मी बघितली नाही. फळी एका बाजूला कलली आणि सात फुटांवरून मी डाव्या पायावर उभाच्या उभा खाली आलो, खाली चिऱ्यांचा ढीग. गुडघा आत वळला. आवाज मला आला नाही, बिगाऱ्याला आला. सेंट्रिंगच्या दोन रिपा आणि त्याचा गमछा, एवढ्यावर पाय बांधला आणि आंबा घाट चढून घाटावर नेला. त्या घाटाची वळणं मी आता मोजून सांगू शकतो.

सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही बांधकामात आहात ना? मग सोपं आहे. तुमचा स्लॅब बसलाय." नडगीच्या हाडाचा माथा सपाट असतो, मांडीचं हाड त्यावर टेकतं. त्या माथ्याची बाहेरची बाजू फुटून नऊ मिलिमीटर खाली गेली होती. माथ्याखालचं हाड भरीव नसतं, स्पंजासारखं असतं. वरून मार बसला की ते चुरडून दाबलं जातं. आता बसलेला स्लॅब खालून ठोकून वर उचलायचा, पण चुरडलेला स्पंज काही परत फुगत नाही. म्हणजे वर स्लॅब पातळीत, खाली पोकळी. जॅक लावून लादी उचलली आणि खाली भराव घातला नाही तर काय होतं हे मला कुणी सांगायला नको. महिन्याभरात लादी परत खाली.

भरावाला तीन पर्याय ठेवले.

पहिला, माझंच हाड. कमरेच्या हाडाच्या कडेतून खरवडून काढायचं आणि गुडघ्याखाली भरायचं. फुकट, आपलंच, आणि आत जिवंत पेशी. डॉक्टरांच्या बोलण्यातही त्याला पहिला मान होता. पण दुसरी जखम, आणि ती जागा पुष्कळ लोकांना पायापेक्षा जास्त दिवस दुखते. दुसरा, दात्याचं हाड. परळच्या टाटा हॉस्पिटलात १९८८ पासून टिश्यू बँक आहे, तिथे दिलेली हाडं धुऊन, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. मला हे नवीनच. तिसरा, कारखान्यातले दाणे. मी विचारलं, गाईबैलांचं काही आहे का त्यात? म्हणाले, प्राण्यांच्या हाडापासून केलेलेही मिळतात, हे मात्र पूर्ण रासायनिक. ज्याला चालतं त्याला चालतं, पण विचारून घ्या. आपणहून कुणी सांगत नाही. हा प्रश्न जुनाच असावा. १६६८ मध्ये योब फान मेकरेन नावाच्या डच वैद्यानं एका रशियन माणसाची हकिकत लिहून ठेवली आहे. त्याच्या कवटीला कुत्र्याच्या हाडाचं ठिगळ लावलं, ठिगळ उत्तम बसलं, आणि चर्चनं त्याला बहिष्कृत केलं. सोवळंओवळं आमच्याकडेच असतं असं नाही.

मुलगी मुंबईला एम.फार्म. करते. तिला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, ह्याला स्कॅफोल्डच म्हणतात. परांचीच."

मी म्हटलं, "परत परांची?"

हसली, पण मग नीट समजावलं. हे दाणे हाड नाहीत आणि हाड होणारही नाहीत. ते चढायला जागा देतात. रक्तवाहिन्या त्यांच्या भोकांतून आत शिरतात, मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी येतात, आणि भिंतीला धरून नवं हाड घालत जातात. हा ऊती अभियांत्रिकीचा, म्हणजे शरीराचे भाग नव्यानं बांधायच्या शास्त्राचा विषय, रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हकँटी ह्या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९९३ साली त्याची नीट मांडणी केली : पेशी, त्यांना कामाला लावणारे रासायनिक संदेश आणि परांची. मी म्हटलं, गवंडी, मुकादमाची हाक आणि परांची. माझ्या पायात ह्यातली फक्त परांची आली. गवंडी माझेच, पन्नाशी ओलांडलेले. मुकादमाची हाकही बाटलीत मिळते म्हणे. मार्शल युरिस्ट ह्या शल्यवैद्यानं १९६५ मध्ये दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथेसुद्धा हाड उगवतं, आणि हे घडवणाऱ्या प्रथिनांपैकी एक २००२ मध्ये अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेला मंजूर झालं. मला गरज नव्हती आणि खिशातही बसलं नसतं.

शस्त्रक्रिया पाठीत इंजेक्शन देऊन झाली. कमरेखाली काही कळत नव्हतं, पण कान चालू होते. समोर हिरवा पडदा, पलीकडे हातोडीचा टक, टक, टक. ते ठोके मी ओळखले. जोरात नाही, लादी मऊ गिलाव्यावर बसवताना थापीच्या मुठीनं ठोकतो तसे, प्रत्येक ठोक्याला थांबून बघायचं, पातळी आली का. मध्ये एक्स-रेचं यंत्र पिकपिक करायचं. तोच त्यांचा ओळंबा. मग बाटली उघडल्याचा आवाज आणि "रक्तात कालवा" असं कुणीतरी म्हणालं. माझ्याच जखमेतलं रक्त घेऊन त्यात ते दाणे कालवले आणि खिडकी करून आत ठासले. बाहेरून प्लेट आणि स्क्रू. सात सीसी लागले, तीन उरले.

त्या उरलेल्या तीन सीसींचे पैसे मी दिलेत, म्हणून दुसऱ्या दिवशी मागितले. उघडलेला माल परत निर्जंतुक करून वापरत नाहीत, टाकून देतात. डॉक्टरांनी चिमूटभर एका रिकाम्या कुपीत घालून दिले. ती कुपी घरी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे.

ह्या चिमटीशी मी बरेच दिवस खेळलो. दहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नव्हता, दुसरं करणार काय. दाणा पांढरा, खडूसारखा, पण खडूसारखा उगाळत नाही. नखानं दाबला की करकरतो. बोटावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब बसलाच नाही, आत गेला, दाणा तसाच कोरडा दिसला. दुसरा टाकला, तोही गेला. तिसऱ्याला दाणा करडा पडला आणि बोटाला चिकटला. खाणीवर चिरा घेताना आम्ही हेच करतो. चिऱ्याच्या पाठीवर ओंजळभर पाणी मारायचं आणि ते कसं उतरतं ते बघायचं. जिभेला लावून बघायचा मोह झाला, लावला. चिकटला. चव नाही.

मुलीनं मोबाइलला लावायचं एक भिंग आणलं. त्यातून दाणा बघितला आणि मी सौ.ला हाक मारली, म्हटलं ये, चिरा बघ. हुबेहूब जांभा. भोकं, भोकांत भोकं. फरक रंगाचा आणि मापाचा. जांभ्याचं भोक बोट जाईल एवढं, ह्यातलं तीनशे-चारशे मायक्रॉनचं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं. शंभर मायक्रॉनच्या खाली गेलं तर हाड नीट आत शिरत नाही, आणि रक्तवाहिन्यांसह शिरायचं तर तीनशेच्या वर असलेलं बरं, असं मुलगी म्हणाली. नुसती भोकं असूनही भागत नाही, एका भोकातून दुसऱ्यात वाट हवी. हे तिनं सांगायच्या आधी मला माहीत होतं. विहीर जांभ्यात खणली तर बाजूनं पाझर येतो, तो भोकं आहेत म्हणून नव्हे, भोकं एकमेकांना लागून आहेत म्हणून. आतल्या आत बंद असलेली भोकं चिरा हलका करतात, पाणी देत नाहीत.

ही भोकं पाडतात कशी, ते ऐकून मला फार आनंद झाला. पावडरीत जळून जाणारा पदार्थ मिसळायचा, दाबून घट्ट करायचं आणि हजार-बाराशे अंशांच्या भट्टीत घालायचं. पदार्थ उडून जातो, जागा राहते. त्यासाठी नॅफ्थलीनही वापरतात, म्हणजे डांबराच्या गोळ्या. ट्रंकेतल्या साड्यांना लावायच्या त्या. माझ्या पायातली भोकं कशाची हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं, पण मी ती डांबराच्या गोळ्यांचीच धरून चालतो.

आणि ताकद? स्पंजासारख्या हाडाची दाबाखालची ताकद ढोबळमानानं दोन ते बारा मेगापास्कल सांगतात. चिऱ्याला आय.एस. ३६२० ह्या भारतीय मानकात किमान साडेतीन न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लागते. एकक एकच आहे, नाव वेगळं. म्हणजे गुडघ्याखालचं हाड आणि घराचा चिरा एकाच पंक्तीला बसतात. हा आकडा मिळाला त्या दिवशी मी तीन माणसांना फोन केले. तिघांनाही फारसं काही वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. परांची चांगली की वाईट हे ती बांधताना कळत नाही, काढताना कळतं. लवकर काढली तर काम कोसळतं, नाही काढली तर काम अडतं. स्लॅबचंच घ्या. आय.एस. ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, म्हणतं की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवस, त्यापुढच्याला चौदा. भाडं वाचवायला आधी काढणारे आहेत, त्यांचे स्लॅबही मी बघितलेत. हाडात हा हिशेब मालावर ठरतो, आणि इथेच ह्या दाण्यांची गंमत आहे.

सगळ्यात जुना माल प्लास्टर ऑफ पॅरिस. खोटं वाटेल, पण ड्रीसमान नावाच्या जर्मन शल्यवैद्यानं १८९२ मध्ये हाडातल्या पोकळ्या त्यानं भरल्याची नोंद आहे. आपण त्याची सीलिंग करतो. आजही त्याचे शुद्ध केलेले दाणे मिळतात. पण ते काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत विरघळून जातात. हाड तयार व्हायच्या आधी टेकू गेला तर माझ्यासारख्या वजन घेणाऱ्या जागी काय करणार? दुसऱ्या टोकाला निव्वळ हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. आपल्या हाडातल्या खनिजाचाच भाऊ, शरीर त्याला परकं मानत नाही, पण भट्टीत पक्का भाजलेला असला तर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. ही परांची नव्हे, हा चिरा. भिंतीतच राहणार. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मधलं : साधारण सहा महिने ते दोन वर्षांत विरघळतं, काही भाग शरीरातल्या पाडकामवाल्या पेशी कुरतडून नेतात, आणि सुटलेलं कॅल्शियम-फॉस्फेट तिथेच नव्या हाडाच्या कामी येतं. ही खरी परांची.

माझ्या बाटलीत दोन्ही. प्रत्येक दाण्यात मिसळलेले. म्हणजे साठ टक्के चिरा, चाळीस टक्के परांची. परांची हळूहळू निघते, तिच्या जागी हाड येतं, आणि चिरा त्या हाडात चिणून राहतो. ज्या कुणी हे प्रमाण काढलं त्याच्या घराण्यात गवंडी असणार.

पण काम बघू. पहिल्या सहा आठवड्यांच्या एक्स-रेत दाणे एकेक मोजता येत होते, पांढरे ठिपके, मध्ये काळ्या फटी, गोणीतून सांडलेल्या साबुदाण्यासारखे. तीन महिन्यांनी फटी करड्या. तेव्हा डॉक्टरांनी अर्धं वजन टाकायला परवानगी दिली. नऊ महिन्यांनी कडा पुसट, कुठे दाणा संपतो आणि हाड सुरू होतं ते सांगता येईना. अठराव्या महिन्याच्या परवाच्या एक्स-रेत मधोमध अजून पांढरट ढग आहे. मी विचारलं, "हे निघालं नाही?" म्हणाले, "काका, तो तुमचा चिरा. तो राहणार." वरचा स्लॅब जिथे बसवला तिथेच आहे, एक मिलिमीटरही खाली नाही. ह्यासाठी चार तारे.

पाचवा का नाही? एक तर हे दाणे सुटे असतात. ठासले तरी एकसंध होत नाहीत. पहिले काही महिने सगळा भार प्लेटवर आणि आपल्या संयमावर. ह्याच कॅल्शियम फॉस्फेटचं घट्ट होणारं सिमेंटही मिळतं, ओलं भरतात, आत कडक होतं. नडगीच्या माथ्याच्या १२० फ्रॅक्चरवर उत्तर अमेरिकेत केलेला अभ्यास २००८ मध्ये छापून आलाय, त्यात रुग्णाच्या स्वतःच्या हाडापेक्षा सिमेंट भरलेल्यांचा माथा कमी खचला. पोरीनं तो काढून दिला. मी डॉक्टरांना विचारलं की मग सिमेंट का नाही घातलं. ते म्हणाले, सिमेंटची भोकं फार बारीक, हाड त्यात हळू शिरतं, आणि ओलं असताना सांध्यात गळलं तर पंचाईत. पटलं. ग्राउटिंग करताना नको तिथे फटीतून बाहेर येतं, तेच.

आणि ते दहा आठवडे. ह्याचा दोष मालाला द्यायचा की पावसाला, ठरवा. आमचं अंगण चिऱ्याचं, आषाढात त्यावर शेवाळ. वॉकरचे रबरी बूट त्यावर बर्फावर ठेवल्यासारखे सरकत. सौ.नं शेवटी काथ्याचे पायपोस पडवीपासून न्हाणीपर्यंत ओळीनं मांडले. काथ्यानं पाडलं, काथ्यानंच सांभाळलं. गुडघा वाकवायचे व्यायाम दुसऱ्या दिवसापासून, त्यात कुणी सूट देत नाही. गणपतीत आरतीला मी खुर्चीवर. जन्मात पहिल्यांदा. भजनाला आलेला आमचा जुना गवंडी पायाकडे बघत म्हणाला, "डॉक्टरान चिरा भरलान म्हणतत, खरा काय?" म्हटलं खरं. "जांभो की काळो?" जांभाच म्हटलं. त्याचं समाधान झालं. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबानं मलबारात बघितलेल्या ह्या दगडाला १८०७ मध्ये लॅटिनमधल्या विटेवरून लॅटराइट हे नाव दिलं. आमच्या गवंड्यासमोर ठेवला असता तर नाव देण्यापूर्वी चार पैलू पाडले असते.

शिमग्याला दहा महिने झाले होते. पालखी दारात आली तेव्हा राहवलं नाही, दहा पावलं खांदा दिला. नाचवली नाही, फक्त चाललो. हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी फाइल बंद केली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

आता त्या एका ताऱ्याचं. प्रत्येक अशा मालाच्या पाकिटात सुटे निघणारे स्टिकर असतात. त्यावर नाव, माप, बॅच नंबर, मुदत. एक रुग्णाच्या कागदावर चिकटवायचं. उद्या काही झालं, कंपनीनं ती बॅच परत मागवली, तर तुमच्याकडे तेवढाच पुरावा. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर प्लेटचं स्टिकर आहे, स्क्रूंचं आहे, दाण्यांच्या जागी पेनानं लिहिलंय : "बोन सब्स्टिट्यूट १". आणि बिलात साडेचौदा हजार. मी सिमेंटच्या गोणीवरचा आठवडा-वर्ष बघितल्याशिवाय गोणी उतरवून घेत नाही; इथे माझ्या हाडात गेलेल्या मालाचा बॅच नंबर मला माहीत नाही. विमेवाल्यांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवून पैसे कापले, स्टिकर आणा म्हणाले. वॉकर घेऊन दोनदा घाट चढलो. पहिल्यांदा सांगितलं, फाइल रेकॉर्डला गेली. दुसऱ्यांदा सांगितलं, रेकॉर्डवाला जेवायला गेला. डॉक्टरांना ह्यात धरत नाही, त्यांचा हात सोन्याचा. हॉस्पिटलच्या खिडकीमागे जे बसतात त्यांच्याबद्दल बोलतोय. बाटली कितीची, लागणार किती, हेही आधी कुणी बोललं नाही. पाच सीसीच्या दोन सांगितल्या असत्या तरी सातच लागले असते, पण मला कळलं तरी असतं.

हा माल कुणी घ्यावा? माझ्यासारखी पोकळी असेल, चारही बाजूंनी हाड असेल आणि बाहेरून प्लेटचा आधार असेल तर डोळे झाकून नाही पण डॉक्टरांना विचारून घ्या. जखमेत पू असेल तर नाही. नडगीचा मधला तुकडाच गेला असेल, दोन टोकांत मोठं अंतर असेल, तर नुसते दाणे टाकून काही होत नाही. तिथे गवंडी हवेत, स्वतःचं हाड हवं. बिडी-सिगारेट ओढत असाल तर पैसे वाया घालवू नका. धुरानं रक्तवाहिन्या आकसतात आणि परांची रिकामी उभी राहते. मी तंबाखू त्या वैशाखातच सोडली. कामावर अजून हात खिशात जातो.

मालवणहून एका नातेवाइकानं फोनवर विचारलं, प्रवाळाचंही हाड होतं म्हणे, आमच्याकडे समुद्रात आहे. होतं, खरंय. प्रवाळाच्या सांगाड्याची भोकं हाडासारखी असतात, आणि गरम पाण्याच्या दाबाखाली त्याच्या चुन्याचं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट करता येतं हे १९७४ मध्येच दाखवलं गेलं, पुढे त्याचा माल बाजारातही आला. पण आपलं प्रवाळ वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याला हात लावलात तर हाडं तुमचीच मोडतील. भाट्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्रफेस वाहून येतो ना, माकुलाचं ते पांढरं, हलकं, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात ते? त्याच्यापासूनही प्रयोगशाळांत दाणे करून बघतायत. मी परवा एक उचलून आणला, मोडून भिंगाखाली धरला. आत मजले. एकावर एक, मध्ये उभे खांब, इतकं सरळ काम की ओळंबा लावावा लागणार नाही. कुपीशेजारी ठेवलाय.

सध्या मी कामावर आहे. मांडी घालता येते, थोडा वेळ. उकिडवं बसवत नाही. पावसाची सर यायच्या आधी गुडघा सांगतो, हे मात्र पडण्याआधीही सांगायचा, त्यामुळे त्याचं श्रेय दाण्यांना देत नाही. परांचीवर मी चढतो, पण आता काथ्या दरवर्षी नवा आणि गाठ माझ्या हातची. प्लेट काढायची की ठेवायची ते पुढच्या मार्चात ठरेल. त्या वेळी परत घाट चढायचाच आहे, तेव्हा खिडकीवर तिसऱ्यांदा विचारीन. स्टिकर मिळालं तर त्यांचा अर्धा तारा वाढवून इथे लिहीन.